काहीही न केल्याचा पुरावा

मिरजेत जन्मून डॉक्टर न होणं अवघड असतं. मी ते करून दाखवलं, पण त्याबद्दल आजवर कुणी माझा सत्कार केलेला नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून गावाला दुखण्यांचा नाद लागला तो लागलाच. तसा सतार-तंबोऱ्यांचाही नाद आहे, पण त्याला गिऱ्हाईक कमी. कर्नाटकातून, कोकणातून माणसं आपापली दुखणी घेऊन इथे गाडीतून उतरतात आणि स्टेशनवरचा रिक्षावाला नुसत्या चालीवरून "हाडाचं का?" म्हणून विचारतो. बहुतेक वेळा निदान बरोबर निघतं. अशा गावात मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. सायन्सची पोरं माझा विषय टक्केवारीला हातभार म्हणून घेतात, आणि प्रॅक्टिकलला आल्यावर वाटेत माझ्या वर्गातला पंखा चालू दिसला तर आत येतात. पुढे काही वर्षांनी त्यातलं एखादं मला पुन्हा भेटतं, ते "सर, आ करा" म्हणत.

तेव्हा आमच्या कन्येने दहावीनंतर "मला डॉक्टर व्हायचंय" म्हटलं, यात तिचं फारसं कर्तृत्व नव्हतं. गावच्या पाण्याचा गुण. खरा प्रश्न पुढे आला.

२०२४च्या नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल १४ जूनला लागायचा होता, तो ४ जूनलाच लागला. त्याच दिवशी लोकसभेची मतमोजणी. टीव्हीवर देशाचं काय होणार ते चाललं होतं आणि मोबाइलवर आमचं. सांगलीकरांनी त्या दिवशी अपक्ष उमेदवार निवडून दिला, त्यामुळे कुठल्याच यादीत न बसणाऱ्यालाही जागा मिळू शकते अशी एक आशा आमच्या घरात दुपारी निर्माण झाली. संध्याकाळी ती मावळली.

कन्येला ७२०पैकी नेमके किती पडले ते मी सांगणार नाही. सांगितले की तुम्हीही सल्ला द्याल. एवढंच सांगतो, की सरकारी कॉलेज मिळण्याइतके नव्हते आणि विसरून जाण्याइतके कमीही नव्हते. फार कमी मार्क पडलेल्या मुलाच्या बापाला एक प्रकारची शांतता लाभते. आम्हाला ती नाकारली गेली. त्या वर्षी देशात ६७ पोरांना ७२०पैकी ७२० पडले होते आणि साडेसहाशेवाल्यांच्या घरीही सुतकी चेहरे होते. शेजारच्या काकूंनी पेढे मिळतील म्हणून वाटी घेऊन डोकावलं, आमच्याकडे बघितलं आणि साखर मागून परत गेल्या.

प्रश्न असा होता : यंदा मिळेल ते घ्यायचं, की एक वर्ष थांबून पुन्हा बसायचं?

वास्तविक हा प्रश्न जिला पडायला हवा ती आतल्या खोलीत कोरियन मालिका बघत होती. बाहेर हॉलमध्ये तो इतरांना पडला होता.

पहिल्या आल्या माझ्या आक्का, म्हणजे कन्येची आत्या, इचलकरंजीहून. आक्कांचं मत असं की मुलीच्या जातीने वर्ष वाया घालवू नये. त्यांनी सोफ्यावर बसल्या बसल्या बोटांवर हिशोब मांडला. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी सीट मिळाली तर एक वर्ष बॉण्डची सेवा, मग पुन्हा नीट, मग एम.डी.ची तीन, मग सुपरस्पेशालिटीची आणखी तीन. "म्हणजे हिचं शिक्षण संपायला हिची एकतिशी उलटणार. त्यात तू आणखी एक वर्ष घाल!" मी म्हटलं, "आक्का, एवढ्या बारा-तेरा वर्षांत एका वर्षाने असं काय होतंय?" आक्का म्हणाल्या, "काय होतंय? बत्तिशी होते." यावर मला उत्तर सुचलं नाही. हल्लीच्या पोरांना वाटतं तेवढं गणित काही फक्त फिजिक्सवालेच करत नाहीत.

दुसरं मत आमच्या मेहुण्याचं. तो न्यू जर्सीत असतो आणि रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर येऊन आमच्या आयुष्याकडे तिथून बघतो. तो म्हणाला, "दाजी, टेन्शन कशाचं घेताय? इकडे तर मेडिकलला जाणारी निम्म्याहून जास्त पोरं आधी गॅप घेतात." तिकडचं सगळंच निराळं. आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकलचा अर्ज, आणि त्या अर्जात म्हणे नुसते मार्क चालत नाहीत. तुम्ही किती तास डॉक्टरांच्या मागे मागे फिरलात, कुठे सेवा केलीत, कुठल्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्यात ते सगळं लिहावं लागतं. मेहुण्याचा थोरला गॅपमध्ये अँब्युलन्सवर काम करत होता. "एक्सप्लोर करू दे तिला," मेहुणा म्हणाला. "जरा जग बघू दे. स्वतःला ओळखू दे."

आमची ही म्हणाली, "ती स्वतःला ओळखते रे. तिला ऑरगॅनिक केमिस्ट्री ओळखू येत नाही."

डॉक्टरांच्या मागे मागे फिरायची कल्पना मात्र मला विचार करण्यासारखी वाटली. पण मिरजेत डॉक्टरांच्या मागे फिरायचं तर सकाळी आठला जाऊन नंबर लावावा लागतो, आणि नंबर लावला की केसपेपर काढावा लागतो. ते परवडलं नसतं.

दरम्यान फोन सुरू झाले. नीटचा निकाल लागला की मुलाच्या आधी बापाचा नंबर कुठेतरी लागतो. तो कुठल्या यादीत लागतो ते कळत नाही, पण दिवसभर फोन येतात. 'सर, आपके बच्चे का एमबीबीएस कन्फर्म है.' मला एवढं बरं वाटलं की मी म्हटलं, कुठे? तर बिश्केकला. मग जॉर्जिया, मग उझबेकिस्तान. सांगलीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार होता, तिथे आम्ही गेलोही. पडद्यावर बर्फ, घुमट आणि पांढरे कोट घातलेली भारतीय मुलं. हिने हात वर करून "तिथे भाकरी मिळते का?" असं विचारलं. व्यासपीठावरचे गृहस्थ म्हणाले की इंडियन मेस आहे आणि मराठी आचारी आहे. परत आल्यावर इथे प्रॅक्टिस करायला आणखी एक परीक्षा असते आणि ती भल्याभल्यांना जड जाते, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मागच्या रांगेतल्या एका पालकाने विचारलं, तेव्हा चहा-समोशांचा ब्रेक जाहीर झाला.

खासगी कॉलेजची फी मी एकदाच वाचली. ती माझ्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त होती आणि तिच्यात मेस धरलेली नव्हती.

ज्योतिषी बघायचा हट्ट आमच्या आईचा. ज्योतिषीबुवा मिरजेच्या मार्केटाजवळ बसतात आणि त्यांचा स्वतःचा मुलगा, हे नंतर कळलं, लातूरला नीट रिपीट करत होता. कन्येची रास मेष. बुवांनी पंचांग उघडून सांगितलं, की मार्च २०२५मध्ये शनी मीनेत जातो आणि मेषेची साडेसाती लागते. आई गळाठली. मी मात्र तिथेच मनातल्या मनात बेरीज केली. गॅपचं एक वर्ष, एमबीबीएसची साडेपाच, बॉण्डचं एक. साडेसात! शनिमहाराजांनी आणि वैद्यकीय शिक्षण विभागाने इतकं एकमताने काम केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बुवांना ही बेरीज सांगितली तर ते माझ्याकडे आदराने बघत म्हणाले, "तुम्ही फिजिक्सचे का?"

मराठीचा मास्तर म्हणून मला असा मान पूर्वी मिळाला नव्हता. मी नाही म्हटलं नाही.

आता एवढ्यावर निर्णय व्हायला हरकत नव्हती, पण त्या वर्षी निर्णय घेणं आमच्या हातात राहिलंच नव्हतं. पेपर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ग्रेस मार्कांवरून गोंधळ झाला आणि १५६३ मुलांची परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. मग सगळ्यांचीच पुन्हा होणार, अशी आवई उठली. प्रकरण सुप्रीम कोर्टात. आमच्या घरात सरन्यायाधीशांचं नाव सासरच्या माणसाचं घ्यावं तसं जपून घेतलं जाऊ लागलं. पुन्हा परीक्षा झाली तर गॅपचा प्रश्नच नव्हता. नाही झाली तर होता. रिपीटर बॅचेस तर जूनमध्येच सुरू झालेल्या, आणि प्रत्येक क्लासची 'पहिल्या पन्नास विद्यार्थ्यांना' सवलत होती. ही पहिली पन्नास मुलं जुलै संपला तरी भरत नव्हती.

त्यात ते अणूचं प्रकरण. फिजिक्सच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली होती. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असं होतं, आणि नव्या पुस्तकात बहुतेक मूलद्रव्यांचे. कन्येकडे पुस्तक होतं आत्येबहिणीकडून आलेलं, म्हणजे जुनं. तिने जुन्याप्रमाणे उत्तर दिलं होतं. कोर्टाने आयआयटी दिल्लीला विचारलं, तिथल्या तीन तज्ज्ञांनी नव्याचा निवाडा दिला, आणि आमचे पाच मार्क गेले, चार मिळालेले आणि एक वजा. ७२०वाले ६७ होते ते १७वर आले. आक्कांनी ते पुस्तक दिलं तेव्हा कव्हर घालून दिलं होतं, त्यामुळे त्यांना बोल लावता येईना. अणू स्थिर असतो की नसतो यावर देशातलं सर्वोच्च न्यायालय विचार करतंय आणि मिरजेतला एक मराठीचा मास्तर श्वास रोखून बसलाय, असं दृश्य त्याआधी भौतिकशास्त्राच्या इतिहासात नसावं.

२३ जुलैला कोर्टाने पुन्हा परीक्षा नाही म्हणून सांगितलं. पण त्याआधीच, जागा हातची जाऊ नये म्हणून, मी लातूरला जाऊन आलो होतो.

लातूर आणि मिरज यांचं नातं पाण्याचं आहे. २०१६च्या उन्हाळ्यात लातूर कोरडं पडलं तेव्हा आम्ही मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरभरून पाणी पाठवलं होतं. गाडीचं नाव जलदूत. आता त्याच मार्गाने आम्ही मुलं पाठवतो, आणि ती परत येताना बायोलॉजी पाठ करून येतात. व्यवहार म्हणून बघितलं तर लातूरने पाण्याची परतफेड केव्हाच केली आहे. बोर्डाच्या मेरिट लिस्टच्या काळात 'लातूर पॅटर्न' म्हणून जे सुरू झालं ते बोर्डाच्या याद्या बंद झाल्या तरी थांबलं नाही. यादी बदलली, पॅटर्न टिकला.

तिथल्या ट्यूशन एरियात शिरलात की आधी चेहरे दिसतात. भिंतीभर, खांबाखांबावर, बसच्या पाठीवर. प्रत्येक चेहऱ्याखाली मार्क. इतके हसरे चेहरे एका वेळी मी फक्त निवडणुकीत पाहिलेत, आणि तिथे मार्क लिहीत नाहीत. एका क्लासच्या काउन्सेलरने मला वातानुकूलित खोलीत बसवून विचारलं, "सर, तुमचं स्वप्न काय आहे?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी भावुक होऊन सांगायला लागलो, की निवृत्त झाल्यावर संतवाङ्मयावर जरा सलग वाचन करावं म्हणतो. तो म्हणाला, "मुलीबद्दल विचारतोय सर." मग त्याने शिष्यवृत्ती परीक्षेचं सांगितलं. ती सगळ्यांनाच द्यावी लागते आणि शिष्यवृत्ती जवळजवळ सगळ्यांनाच मिळते. फी आधी तेवढीच वाढवून छापलेली असल्यामुळे कुणाचंच नुकसान होत नाही.

मी होस्टेलं बघितली. एका वॉर्डन काकूंनी नियम सांगितले, ते सांगताना त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला. फोन जमा, रविवारी अर्धा तास. खोलीत फक्त झोपायचं, वाचायचं अभ्यासिकेत. अभ्यासिका म्हणजे लाकडी खण पाडलेला हॉल, चोवीस तास उघडा, खुर्चीचं महिन्याचं भाडं. मी डोकावलो तेव्हा एक मुलगा प्राणिशास्त्राच्या पुस्तकावर गाल टेकून गाढ झोपला होता आणि त्याच्या मागे 'जो थांबला तो संपला' अशी पाटी होती. मला तो एकटाच तिथे शहाणा वाटला.

बाहेरच्या टपरीवर नुसते बाप उभे होते. प्रसूतिगृहाबाहेर असतात तसे, हातात पिशवी आणि तोंडावर उगाच आणलेलं हसू. "तुमचा कितवा?" एकाने मला विचारलं. म्हणजे अटेम्प्ट. मी म्हटलं, "पहिलाच." तो मायेने म्हणाला, "मग काय काळजी नाही." त्यांचा तिसरा होता. गृहस्थ नांदेडकडचे. बायको मुलाबरोबर लातूरला खोली करून राहते, हे गावाकडे शेती आणि म्हातारे आईबाप बघतात, आणि पंधरवड्याने डाळ-तांदूळ घेऊन येतात. "आमचं घर दोन ठिकाणी रिपीट करतंय," ते म्हणाले. २०२०पर्यंत राज्यात मेडिकल प्रवेशाला विभागवार सत्तर-तीसचा कोटा होता, तेव्हा त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी निरनिराळ्या रांगांत उभी राहिली असती. आता दोघं एकाच रांगेत, म्हणजे खरं तर एकमेकांच्या वाटेत. तरी त्यांनी मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. वर सांगितलं, की फिजिक्सला तो वातानुकूलित क्लास घेऊ नका, गल्लीतले एक सर आहेत, पंखा आहे पण शिकवतात.

परत आलो तर घरात नवीन माहिती येऊन थांबली होती. आमच्या कॉलेजातले निवृत्त हेडक्लार्क. प्रवेशाच्या कागदपत्रांत या माणसाचा हात धरणारा सांगली जिल्ह्यात नाही. ते म्हणाले, "सर, घ्यायचा तर घ्या गॅप. पण पुढच्या वर्षी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल, एवढं ध्यानात ठेवा."

"त्यात काय असतं?"

"त्यात असं, की सदर वर्षात मी कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेतला नाही, कुठं नोकरी केली नाही, कसला गुन्हा केला नाही, आणि हे सर्व खरं आहे. शपथेवर."

मी ते रविवारी मेहुण्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मला वाटलं नेट गेलं. त्याच्या पोराने गॅपमध्ये काय काय केलं याची पानंच्या पानं लिहून दिली तेव्हा कुठे त्याचा अर्ज पुढे सरकला. आणि आमच्याकडे वर्षभर काहीही केलं नाही हे सरकारला पटवून द्यायचं. शेवटी मेहुणा म्हणाला, "मग दाजी, तिने एक्सप्लोर केलं तर?" मी म्हटलं, "केलं तर कुणाला सांगायचं नाही."

आईला यातलं एकच कळलं, की वर्ष मोकळं ठेवायला सरकारची ना नाही. तिने विचारलं, "आणि किती वर्षं बसता येतं असं?" हेडक्लार्क म्हणाले, "कितीही. २०२२पासून वरच्या वयाची अटच काढली. आणि त्याच्याही आधी, ओडिशात बँकेतून रिटायर झालेल्या एका माणसाने ६४व्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश घेतला होता." आईने चष्मा काढून पुसला. "मग मी काय म्हातारी झाले का," म्हणाली. त्या दिवसापासून तिचा मोर्चा गॅपच्या बाजूने वळला.

मग एका रात्री जेवताना कन्या म्हणाली, "बाबा, तुमचं सगळ्यांचं झालं असेल तर मी सांगू का?"

आम्ही सगळे ताटावरून मान वर करून बसलो. इतका विचारविनिमय झाल्यावर आता काहीतरी भारी ऐकायला मिळणार, अशी माझी खात्री होती. स्वप्न, जिद्द, रुग्णसेवा, निदान आनंदीबाई जोशी. ती म्हणाली, "मला रोटेशनल मोशन येत नाही. आणि थर्मोडायनॅमिक्स थोडं. बाकी येतं. ते नीट शिकायला मला वर्ष लागेल. म्हणून मी घेते वर्ष."

"एवढंच?" ही म्हणाली.

"एवढंच."

आम्हाला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. शनी, सुप्रीम कोर्ट, न्यू जर्सी आणि बिश्केक एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला फिरणारं एक चाक. आई तेवढी म्हणाली, "मग शिक की गं. न येणारं शिकायलाच शाळा असते." लातूरला जायचं नाही हेही कन्येने सांगून टाकलं. घरी राहून सांगलीची रिपीटर बॅच करणार. तिच्या अटी थोड्या होत्या आणि बहुतेक माझ्यासाठी होत्या. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी फक्त वाचायचं, लिहायचं नाही. पहाटे तिच्या खोलीचा दिवा लागला का ते बघायला उठायचं नाही. आत्याने पाठवलेले 'झोपडीत राहून डॉक्टर झालेल्या मुलीचे' व्हिडिओ तिच्याकडे पुढे ढकलायचे नाहीत.

गॅप तिने घेतला, पण भोगला आम्ही. टीव्हीचं कनेक्शन काढलं. हिने भिशी सोडली, कारण भिशीत "काय म्हणते मुलगी?" हा पहिला हप्ता असतो. लग्नाच्या पत्रिका आल्या की आम्ही म्हणायचो, "यंदा आमचं नीट आहे," आणि लोक सुतक असल्यासारखे समजून घ्यायचे. मिरजेची गणपती विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या रात्री कन्येने कानात कापूस घालून मॉक टेस्ट दिली आणि आम्ही तिघं, आवाज आपल्यामुळे होतोय अशा समजुतीने, चवड्यांवर चालत होतो. आईचा मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी भीत भीत विचारलं, "पुढच्या मे महिन्यानंतर काढला तर चालेल का? यंदा घरात नीट आहे." डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. म्हणाले, "चालेल की. माझ्याकडेही आहे यंदा."

ती मात्र मजेत होती. नऊला झोपायची, सकाळी उठून चाकं फिरवायची, आणि रविवारी दुपारी कोरियन मालिकेचा एक भाग बघायची, तो कुणी बंद करायचा नाही अशीही एक अट होती.

४ मे २०२५. दुपारी दीडला फाटक बंद, दोनला पेपर. अर्ध्या बाह्या, पायात चपला, कानात-गळ्यात काही नाही. हिने सकाळी कन्येचं नाणं अडकवलेलं लॉकेट उतरवून माझ्या खिशात ठेवलं, आणि मी फाटकाबाहेर निंबाखाली ते मुठीत धरून बसलो. पाचनंतर पोरं बाहेर यायला लागली ती रडतच. फिजिक्सचा पेपर कसला निघाला होता ते त्या रात्री देशभर कळलं. एक मुलगा आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभा होता, दुसरा पाण्याची बाटली नुसती हातात धरून. कन्या शेवटच्या गर्दीत आली. डोळे कोरडे. मी जीव मुठीत धरून विचारलं, "कसा गेला?"

तिने चहूकडे पाहिलं. "सगळेच रडतायत बाबा. म्हणजे बरा गेला असणार."

१४ जूनला निकाल. देशात पहिला आलेल्यालाच ६८६. आणि आमच्या कन्येला पहिल्या वेळेपेक्षा कमी, बऱ्यापैकी कमी मार्क. आईने दोन वेळा विचारून खात्री करून घेतली. "वर्षभर शिकून कमी पडले?" "हो आजी." "मग आता गं?" "आता मिळेल." गेल्या वर्षी साडेसहाशेवर लोक रडले होते, यंदा साडेपाचशेला घरोघरी पेढे. आईला हे पटेना. तिने सातवीपर्यंतच्या आपल्या शिक्षणात मार्क कमी पडले की मार मिळतो, एवढाच नियम पाहिला होता. शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या, मार्क ऐकून घोटाळल्या, आणि या वेळी वाटी भरून पेढे घेऊन गेल्या तरी चेहऱ्यावरून शंका गेली नव्हती. आक्कांनी फोनवर विचारलं, "मग तेव्हाचे जास्तीचे मार्क वायाच गेले म्हणायचे?" मी म्हटलं, "होय आक्का." मार्कांना चलनवाढ असते, रुपयासारखी, हे मी त्यांना समजावून सांगू शकलो असतो. पण आक्कांपुढे गणित काढण्याचा धडा मी एकदा शिकलो होतो.

फेऱ्या झाल्या, सरकारी कॉलेजात नाव लागलं. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथे ओळख आहे का विचारणारे फोन अजून यायचे थांबलेले नाहीत. कागदपत्रांची फाइल हेडक्लार्कांनी लावून दिली. एकच उरलं.

तहसील कचेरीसमोर टंकलेखकांची रांग असते, आता सगळ्यांकडे संगणक. स्टॅम्प पेपर लागतो की साधा कागद चालतो यावर तिथल्या तिघांची तीन मतं ऐकून झाल्यावर मी आणि कन्या चौथ्याच्या समोर बसलो. त्याने मान वर न करता विचारलं, "काय, गॅपचं का?" त्याच्याकडे मसुदा तयार होता. कन्येचं नाव, वय, पत्ता घातला. प्रवेश घेतला नाही, नोकरी केली नाही, गुन्हा केला नाही, भराभर खाली आलं. कन्या वाचत होती. "बाबा, यात रोटेशनल मोशन शिकले हे कुठेच नाही," ती म्हणाली.

"ते लिहायचं नसतं ताई," टंकलेखक म्हणाला. बोटं कळफलकावर तशीच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. "कारण काय टाकू साहेब? आजारपण, घरगुती अडचण का नीट?"

"नीट," मी म्हटलं.

"बरं झालं. मग घरगुती अडचण वेगळी टाकायला नको."